बायकांच्या दारावरची सेराफिना

अंधेरीच्या टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर उभं राहायला लागली तेव्हा सेराफिनाने चाळिशी ओलांडली होती. नवरा ह्युबर्ट रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. तो काविळीने गेला. मुलगी ल्युसी लग्न होऊन वसईला गेली. मागे उरलं ते गुंदवलीतलं घर आणि घरामागचा भातशेतीचा तुकडा. त्याच सुमारास टॉकीजचे मॅनेजर मधुकरराव एखादी खमकी बाई शोधत होते. बायकांच्या वर्गात पुरुष डोअरकीपर उगाच टॉर्च मारत हिंडतो, अशा तक्रारी वाढल्या होत्या. चर्चच्या फादरनी सेराफिनाचं नाव सुचवलं, आणि दुसऱ्याच दिवशी ती लाल चौकड्यांचं लुगडं नेसून, हातात टॉर्च घेऊन हजर झाली.

बायकांचा वर्ग म्हणजे बाजूच्या अंगाला लाकडी पार्टिशन घालून वेगळी काढलेली तेरा बाकं. तिकीट फाडायचं, जागा दाखवायची, पोर रडायला लागलं की आईला बाहेर काढायचं, आणि चुकून आत शिरणाऱ्या पुरुषाला त्याची चूक दाखवून द्यायची, एवढं तिचं काम. पिक्चर तिला उभ्याउभ्याच, तुकड्यातुकड्यांनी दिसायचा. पडद्याकडे पाहून पाहून ती कंटाळली आणि बायकांकडे पाहायला लागली. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडायचा. कोण कुठे हसते, कोण कुठे पदर दाताखाली धरते, कुणाचं लक्ष घरी ठेवलेल्या दुधाकडे आहे, हे तिला हळूहळू न विचारता कळायला लागलं.

चोपन्न साली ‘गॅलरीतली सून’ लागला. गोष्ट म्हणावी तर काहीच नव्हती. श्रीमंताघरची, फॅशनेबल मुलगी गिरगावातल्या चाळीत सून म्हणून येते. मग स्टोव्ह पेटत नाही, पाहुणे न सांगता येतात, मांजर दूध पिऊन जातं. असल्या रोजच्या भानगडींवर सगळा पिक्चर. सुनेचं काम कुंदरेखाने केलं होतं. कोरलेल्या भुवया, बिनबाह्यांचं पोलकं, टाचेचे बूट, आणि चाळीच्या जिन्यावरून ती उतरली की पुढच्या बाकांवरचे पुरुष शिट्ट्या मारायचे. चौदा आठवडे पिक्चर हलला नाही. बुधवारी तीनच्या शोला बायकांची खास गर्दी असायची, तेव्हा तर तेरा बाकं पुरत नसत.

एवढा गाजला म्हणून बायका खूश होत्या असं मात्र नाही. शेवंती म्हणून एक मासळीवाली यायची; ती म्हणे, हिने पापलेट घेतलं आणि कल्ले वर करून पाहिलेसुद्धा नाहीत, हा पिक्चर पुरुषानेच लिहिलाय. शाळेतल्या दोन मास्तरणींचं मत पडलं की हे असले कपडे पाहून मुली वाया जातील. त्या तीनदा आल्या. एक तरणी पोर कुंदरेखाच्या पोलक्याची पाठ कागदावर पेन्सिलीने काढून घ्यायची. आणि मागच्या बाकावरची एक म्हातारी दर वेळी तेच विचारायची की ही चाळीत राहते तर पाणी कधी भरते. पण रागावलेल्या असोत की लाजलेल्या, पुढच्या बुधवारी सगळ्या पुन्हा दारात.

गोरेगावच्या स्टुडिओतून एक लेखक यायचा. विद्याधर त्याचं नाव. किडकिडीत, चष्मा लावणारा, बोलायला मऊ. पिक्चर त्यानेच लिहिला होता आणि आता मालकांना दुसरा भाग हवा होता. लोक कुठे हसतात ते तो मागे उभा राहून वहीत टिपायचा. पुरुषांचं त्याला कळे. कुंदरेखा घसरून पडली की हसू, म्हातारा सासरा चिडला की हसू. पार्टिशनपलीकडचं हसू मात्र भलत्याच जागी फुटायचं आणि त्याचं कारण त्याला सापडत नसे. शेवटी त्याने सेराफिनालाच गाठलं.

तिने सांगितलं. सून बुटावरून पडते तिथे बायका हसत नाहीत, कारण लागलं असेल असं त्यांना वाटतं. नणंद येते त्या दिवशी ती आमटीत दोनदा मीठ टाकते तिथे हसतात, कारण तसं करावंसं प्रत्येकीला कधी ना कधी वाटलेलं आहे. विद्याधर भराभर लिहून घेत होता. त्यानंतर दर बुधवारी शो सुटला की दोघं मॅनेजरच्या खोलीत बसत. सेराफिनाला त्या सांगण्याची गोडी लागली. तिच्या आयुष्यात तिचं बोलणं कुणी कागदावर उतरवून घेतलं नव्हतं. ह्युबर्ट भला माणूस होता, पण तोही मान हलवत हलवत पेपर वाचायचा.

त्या बुधवारच्या बायकांत मालन होती. तिशीची, कोकणातली, कोलडोंगरीच्या चाळीत राहणारी. एकटी यायची आणि भिंतीकडेची जागा धरायची. मांडीवर पितळी डबा असायचा, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. हसण्याच्या जागी ती जेमतेम हसे. पण एका जागी ती रडायची. नवऱ्याशी भांडून सून तरातरा बाहेर जाते, मागून दाराची कडी पडते, आणि मग ती संध्याकाळपर्यंत जिन्यावर बसून शेंगा खाते. आत सगळे तिला खाटेखाली शोधत असतात. सगळं टॉकीज लोटपोट व्हायचं आणि मालनच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. एकदा नव्हे, दर बुधवारी, त्याच जागी.

सेराफिनाने ते विद्याधरला सांगितलं. पहिल्या वेळी ती म्हणाली, बहुतेक हिचा नवरा हिला मारत असणार, घराबाहेर काढत असणार. पुढच्या बुधवारी त्याने पुन्हा विचारलं तेव्हा बोलण्यातलं ‘बहुतेक’ गळून गेलं. डबा कसा धरते, नाक कसं पुसते, तेही तिने करून दाखवलं. विद्याधर खूप वेळ लिहीत होता.

वर्षाने दुसरा भाग आला. पहिल्या बुधवारी तेरा बाकं गच्च भरली, मालन आपल्या भिंतीकडेच्या जागेवर. मध्यंतराच्या थोडं आधी कुंदरेखा पिक्चर पाहायला जाते असा प्रसंग होता. तिच्या शेजारी एक जाडी बाई, मांडीवर पितळी डबा आवळून धरलेला, विनोदी पिक्चरमध्ये हुंदके देत बसलेली. कुंदरेखा तिला विचारते, ‘नवऱ्याने बाहेर काढलं वाटतं?’ त्यावर ती बाई असा भोंगा पसरते की अख्खं टॉकीज मागे वळून पाहतं. पडद्यावरचं टॉकीज हसलं आणि खालचंही हसलं. मग पुढच्या दोन बाकांवरच्या बायका वळल्या. मालनच्या हातातला डबा त्यांच्या ओळखीचा होता.

सेराफिना दाराशी उभी होती. तिने पाहिलं, मालनही हसत होती. तोंड उघडं, दात दिसत होते, आवाज नव्हता. मध्यंतराला ती डबा घेऊन बाहेर गेली आणि परत आत आली नाही.

पुढचे तीन बुधवार ती जागा दुसऱ्याच बायकांना गेली. सेराफिनाला जेवण गोड लागेना. मी काय फार मोठं पाप केलं, मी बोलले तेवढंच, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण आपण हात कसे करून दाखवले होते, हे तिला राहून राहून आठवायचं. चौथ्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी ती कोलडोंगरीला गेली आणि विचारत विचारत मालनचं बिऱ्हाड शोधून काढलं.

एक खोली आणि अकरा माणसं. सासू, दीर, जाऊ, त्यांची पोरं, गावाहून आलेले दोन भाचे. मालनचा नवरा दशरथ पूर्वी गिरणीत होता, आता जवळच्या कारखान्यात लागला होता. त्याने स्वतः उठून सेराफिनाला स्टूल दिलं, धाकट्या पोराला बाजूला घेतलं आणि बायकोला म्हणाला, ‘मालन, तुझी टॉकीजातली मावशी आली बघ. चा मी टाकतो.’ सेराफिनाने मनात त्याच्या हातात काठी दिली होती. स्टुलावर बसताना तिला त्याच्याकडे पाहवेना.

आत बोलायला जागाच नव्हती, म्हणून दोघी जिन्यावर येऊन बसल्या. तिथेही कुणी बादली घेऊन वर चढे, कुणी पोर खाली धावे. सेराफिनाने आडपडदा ठेवला नाही. त्या पिक्चरमधली बाई मीच सांगितली, असं तिने सरळ सांगून टाकलं. तुझा नवरा तुला मारतो, बाहेर काढतो, असंही मीच सांगितलं.

मालनने वर चढणाऱ्या एका पोराला वाट करून दिली.

‘ह्यांनी कधी हात उगारला नाय माझ्यावर,’ ती म्हणाली.

‘मग रडायचीस कशाला, बाय?’

‘ती बाहेर बसलेली ना, शेंगा खात. कोण तिला हाक मारत नव्हता. कोणाचा ताट नाय वाढायचा, कोणाचा पोर नाय धरायचा. मी आठवून बघी, अशी मी कधी बसले होते काय. लग्नाआधी पण नाय. मग डोळ्यात पाणी येई.’ ती जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवत होती. ‘दुःख नव्हता त्यात. बरा वाटायचा. आता तिथं बसले की सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतात.’

 सेराफिनाने माफी मागितली, पण तीही अर्धवट, कारण तेवढ्यात सासूने आतून मालनला हाक मारली आणि मालन उठून गेली. दशरथाने आणून दिलेला चहा सेराफिनाने एकटीने प्यायला.

बुधवारी विद्याधर वही घेऊन आला. दुसरा भागही जोरात चालला होता, मालक तिसऱ्याचं बोलत होते. सेराफिनाने त्याला घडलं ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता. पण ऐकता ऐकता त्याचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.

‘बाई, हे तर त्याहून चांगलं आहे,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘हे मी नीट लिहीन. कुणी हसणार नाही असं.’

‘नाय लिहायचं.’

‘लोकांना काय वाटतं ते आम्हाला कळलंच नाही तर पिक्चर सुधारणार कसे?’

‘किती हसल्या, कुठं हसल्या, ते सांगते. का हसल्या, का रडल्या, ते मना ठाव नाय. ठाव हाय असं वाटलेलं, तेच चुकलं. तुम्हाला पायजे तर त्यांना विचारा. त्या सांगतील नायतर नाय सांगणार.’

विद्याधरने पेन्सिल परत ठेवली. त्यानंतर तो दोनतीनदा आला, आणि सेराफिनाने त्याला हसण्याच्या जागा तेवढ्या मोजून दिल्या. वही भरेना, तसा तो यायचा थांबला. मधुकरराव म्हणाले, बाई, तुमचं नाव पडद्यावर आलं असतं एखादे दिवशी. ती म्हणाली, डबा आला तेवढा पुरे झाला.

मग तिने आणखी एक गोष्ट केली. ती पुन्हा कोलडोंगरीला गेली आणि आपल्या घराची दुसरी किल्ली मालनच्या हातात ठेवली. बुधवारी दुपारी मी टॉकीजात असते, म्हणाली, मागच्या पडवीत सावली असते, येऊन बस. घरी काय सांगायचं ते तू बघ. मालनने किल्ली घेतली, पण दोन बुधवार ती आली नाही. तिसऱ्या बुधवारी सेराफिना शो संपवून घरी पोचली तर भांडी घासलेली, पडवी झाडलेली, आणि मालन ओल्या हातांनी दारात उभी.

‘बसवत नाय मावशी,’ ती खजील होऊन म्हणाली. ‘अर्धा तास बसले, मग हातांना काम पायजे झालं.’

सेराफिना तिला रागावली नाही. पुढच्या खेपेला तिने निघण्याआधी घरातलं सगळं काम उरकून ठेवलं, झाडूसुद्धा उचलून शेजारणीकडे दिला. हळूहळू मालनला बसणं जमलं. घरी ती पिक्चरला जाते असंच सांगत असे, आणि दशरथ कधीमधी विचारी की आज काय होतं, तेव्हा ती काहीतरी रचून सांगे. ती सांगायची त्या गोष्टी तो घरभर रंगवून सांगे, आणि जावेच्या पोरांना त्या कुंदरेखाच्या पिक्चरपेक्षा जास्त आवडत.

अठ्ठावन्न साली टॉकीज नव्याने बांधलं, पार्टिशन गेलं, आणि बायकांसाठी वेगळी बाई लागेनाशी झाली. सेराफिना भाताच्या तुकड्याकडे परत वळली. मालन तेव्हाही बुधवारी यायची. आता घरात दोघी असत, पण सेराफिना मुद्दाम शेताच्या पलीकडच्या बांधावर जाऊन काम काढायची आणि ऊन उतरल्याशिवाय घराकडे फिरकायची नाही.