थोरलीचं चुकलं की धाकटीचं?

माणूस पंखा लावून टीव्हीपुढं बसला की त्याच्या आयुष्यात काही घडत नाही, असा आपला एक गैरसमज असतो. माझाही होता. उभा जन्म एस.टी.त कंडक्टर म्हणून काढला, तेव्हा वाटायचं, सगळे किस्से गाडीतच घडतात. रिटायर होऊन अंबडला घरी बसलो आणि कळलं, खरी गर्दी तर सोफ्यावर आहे! आता एक किस्सा सांगायला घ्यावा तर मागे आणखी चार उभे असतात, आणि सगळ्यांना आधी चढायचं असतं.

आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'बघितलं का?' नावाचा. घरी बसून काय पाहिलं आणि कसं वाटलं, एवढंच त्यावर लिहायचं. सुप्रभात बंद, फुलं बंद. ग्रुप काढला आमच्या शेजारच्या कमलताईंनी. तीस वर्षं त्यांनी कोर्टाबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज टाइप केले. त्यामुळं चुकीचा शब्द त्या खपवून घेत नाहीत.

पण पहिली चूक त्यांच्याच हातून झाली. ग्रुपमध्ये घ्यायचं होतं समोरच्या घरातल्या अक्कांना. बोट पडलं दुसऱ्याच 'अक्का'वर. ही अक्का म्हणजे कमलताईंची सख्खी थोरली बहीण, धावडा गावची. आणि या दोघींचा तीन वर्षांपासून अबोला!

कारण साडी. अक्काच्या मुलाच्या लग्नात कमलताईंना मानाची साडी मिळाली. घरी येऊन बघतात तर ती त्यांनीच अक्काला दिवाळीला दिलेली! घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"मंग काढून टाका ना त्यांना ग्रुपातून," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"कशी काढू? 'कमलनं काढलं' असं सगळ्यांना दिसंल!"

तिकडं अक्काचीही तीच पंचाईत. बाहेर पडावं तर 'अक्का बाहेर पडल्या' असं जाहीर होणार. मग दोघी बसल्या आत अडकून. कमलताई लिहायच्या, अक्का वाचायची. उत्तर मात्र एका अक्षराचं नाही. कमलताई रोज मेसेज टाकल्यावर दोन निळ्या खुणा होतायत का, ते बघत बसायच्या. वरून म्हणायच्या, "मला काय करायचंय!"

*

ग्रुपवर आम्ही तारेबिरे देत नाही. पिक्चर बघताना किती वेळा उठलात, तेवढंच विचारतो. पाणी प्यायला उठलात, दूध बघायला उठलात, सगळं धरायचं. दोन उठण्यांचा पिक्चर म्हणजे उत्तम. दहा उठण्यांचा म्हणजे टाकाऊ.

एकदा सुनंदानं लिहिलं, "एकदाही उठले नाही." ग्रुपवर खळबळ! सगळ्यांनी तो पिक्चर लावला आणि सगळे पंधरा-पंधरा वेळा उठले. संध्याकाळी बायका जाब विचारायला दारात.

"बाई, माझी कंबर धरल्ती," सुनंदा म्हणाली, "उठणार कशी?"

*

जाधवराव मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. आता मुलाकडं अंबडला असतात, पण डोळे अजून शेतातच. एका पिक्चरमध्ये हिरो गाणं म्हणत पेरणी करतो. जाधवरावांनी तिथंच पिक्चर थांबवला आणि ग्रुपवर लिहिलं: "एकरभर तिफण फिरली, बियाणं टाकायला माणूसच न्हाई. उगवंल काय, कप्पाळ?"

मी विचारलं, "हिरॉइन तरी बरी आहे का?"

"हाय ना, चांगली हाय. पण रिकाम्या हातानं नाचून राह्यली. तिनंच टाकलं असतं बियाणं तर काय बिघडलं असतं!"

*

कमलताईंचं कोर्टाच्या पिक्चरशी जमत नाही. परवा एक पिक्चर सगळ्यांना आवडला. यांनी मात्र मध्येच बंद केला.

"अहो, शेवट तरी बघायचा," मी म्हणालो.

"काय बघू, भाऊ? पह्यल्याच तारखेला निकाल! वकील आजारी न्हाई, साक्षीदार लग्नाला गेलेला न्हाई. अन् हिरो शेवटी धावत येऊन कागद देतो, त्याला कोर्ट-फीचं तिकीट चिकटवलेलं न्हाई! निर्दोष काय सुटतो? मी त्याला बिलकुल सोडला नसता!"

दुसऱ्याला हसतोय, पण माझंही सांगतो. एका पिक्चरमध्ये हिरॉइन बस थांबवायला घंटीची दोरी दोनदा ओढते आणि बस थांबते. अहो, सिंगल बेल थांबायला, डबल बेल निघायला! मी ओरडत सोफ्यावरून उठलो.

"गाडी थांबली ना?" सुनंदा म्हणाली. "मंग बसा गप."

*

कोपऱ्यावरचे निसारभाई टेलर. ते सगळं बघतात ते शिलाई म्हणून. हिरोच्या छातीत तीन गोळ्या, आई टाहो फोडतेय, आमच्या सौभाग्यवतींचा पदर भिजलेला. आणि निसारभाईंचा मेसेज येतो: "तीन गोली लगी, मगर कॉलर देखो. क्या कडक बैठी है!"

माणूस मात्र भाबडा. ग्रुपवर येईल ते खरं मानणारा. एकदा मालिकेतले दादासाहेब वारले. जाधवरावांनी घाईत एवढंच लिहिलं, "आपले दादासाहेब गेले." गल्लीत खरेखुरे दादासाहेब आहेत, रिटायर्ड तलाठी. निसारभाईंनी दुकान बंद केलं, हार घेतला आणि त्यांच्या दारात हजर. दार उघडलं दादासाहेबांनीच!

निसारभाईंनी हार पाठीमागं लपवला. "आप... सुना के आप गये?"

"गेल्तो की," दादासाहेब म्हणाले. "कटिंगला गेल्तो. आत्ताच आलो."

*

मग एका दुपारी ग्रुपवर धावड्याची अक्का उगवली. पण आम्ही बघेपर्यंत उरलं होतं एवढंच: 'हा मेसेज डिलीट केला.'

कमलताई चप्पल न घालता आमच्याकडं आल्या. "भाऊ, काय लिहिलं होतं तिनं?" आम्ही पाहिलं नव्हतं. जाधवराव झोपले होते. शेवटी निसारभाईंकडं गेलो.

"हाँ, देखा ना मैंने. 'छान' लिखा था."

कमलताईंचा चेहरा एकदम उजळला. "माझ्या लिहिण्याला?"

"अब ये तो नहीं मालूम, बहन. ऊपर मेरे बकरे का फोटो था."

आम्ही हसलो. कमलताई हसल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "बकऱ्याला छान म्हणती, अन् पाठच्या बहिणीला एक शब्द न्हाई." मला खरंच वाईट वाटलं. सुनंदानं त्यांना बळंच बसवून चहा दिला.

*

आता परवाचं सांगतो.

संध्याकाळी सातला आम्ही सगळे एक मालिका बघतो. तीत दोन सख्ख्या बहिणी आहेत, एकमेकींशी न बोलणाऱ्या. परवाच्या भागात दोघी देवळाच्या पायरीवर समोरासमोर येतात, क्षणभर थांबतात आणि न बोलता निघून जातात. बस, एवढंच. भाग संपला.

जाधवरावांनी लिहिलं, "थोरलीचं चुकलं." सुनंदानं लिहिलं, "धाकटीचं." कमलताईंचं बराच वेळ टाइप होत होतं. मग आलं:

"धाकटीचं चुकलं असंल. पण थोरलीनं तिचा फोन टाळायला नको होता."

तिकडं कमलताईंच्या फोनवर दोन निळ्या खुणा झाल्या असतील. आणि धावड्याहून उत्तर आलं!

"थोरलीनं टाळला न्हाई. ती भाकरी थापून राह्यल्ती. हात धुऊन येस्तोवर वाजायचा बंद झाला."

सुनंदानं माझा दंड धरला. "अहो, आजच्या भागात फोन कुठं होता?"

"गप," मी म्हणालो. "वाच."

कमलताई: "मंग थोरलीनं परत का न्हाई लावला?"

अक्का: "तिला वाटलं, धाकटी परत लावंल."

कमलताई: "धाकटी दोन दिवस फोन उशाशी घेऊन बसल्ती."

शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाजसुद्धा बंद झाला. आमच्या घरात कुकरनं चौथी शिट्टी दिली आणि कुणी उठलं नाही.

अक्का: "रडून राह्यली का तू?"

कमलताई: "न्हाई."

अक्का: "उद्या पह्यल्या गाडीनं येऊन राह्यले. घरीच राह्य."

कमलताई: "जल्दी ये."

आणि त्याच्याखाली निसारभाई:

"हमारे यहाँ तो ये सीन आयाच नहीं! रुको, केबलवाले को फोन लगाता हूँ!"