कितवा शनिवार?

दुसऱ्या शनिवारी सुट्टी असते असं मी माझ्या भाचीला सांगितलं आणि जर्मनीत पोलिसांनी तिची गाडी उचलून नेली. यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. नंदुरबारातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. नर्सिंग केलं, भाषेची परीक्षा दोनदा दिली आणि तिकडे गेली. तिचं काम असं, की सकाळी एजन्सीची गाडी घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं. कोणाला इन्सुलिन टोचायचं, कोणाची जखम बांधायची, कोणाच्या पायात घट्ट मोजे चढवायचे. पहिले सहा महिने पारखण्याचे. त्या काळात मनासारखं वाटलं नाही, तर दोन आठवड्यांची नोटीस देऊन मोकळं करतात. तिचे पाच महिने होत आले होते आणि गाडी लावण्याच्या बाबतीत एक लेखी समज तिला आधीच मिळाली होती.

ती समजही माझ्याच मार्गदर्शनाखाली मिळालेली. तिकडे काही ठिकाणी काचेमागे पुठ्ठ्याचं निळं घड्याळ ठेवावं लागतं. त्यावर कुठली वेळ लावायची, असं तिने फोनवर विचारलं. मी सांगितलं, निघायची लाव. तू कधी जाणार हेच तर पोलिसाला हवं असेल. मला अजूनही ते पटतं. पण नियम म्हणतो, आलात ती वेळ लावा. बरं, तीही खरी नाही. नऊ पाचला आलात तर काटा साडेनऊवर. खरी वेळ लावली की चूक, पुढची लावली की बरोबर, आणि फारच पुढची लावली की पुन्हा चूक. हे समजून घेताना माझा एक अख्खा रविवार गेला.

मला का विचारायची? कारण ती इथे शिकत असताना मीही सोबत फोनवर जर्मन शिकलो होतो. ती परीक्षेपुरतं शिकली, मी दाखवण्यापुरतं. शिवाय मी बँकेत चौतीस वर्षं काढलेली, त्यामुळे नियम वाचायचे तर ते मीच, असा माझा समज होता. घरात तो कोणी मोडला नव्हता.

त्या शनिवारी दुपारी मी बहिणीकडे जेवत होतो. बाहेर मिरचीचा मोसम, दारं लावली तरी ठसका लागत होता. भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे नऊ. स्क्रीनवर ती नाही, नुसता खांब. वर निळी गोल पाटी, लाल कड, त्यावर लाल फुली. म्हणजे इथे थांबायचंसुद्धा नाही. खाली पांढरी पट्टी आणि तिच्यावर एक शब्द, पुढे वेळ, सात ते सोळा.

"मामा, दोन चकरा मारल्या, कुठे जागा नाही. आजीला नाश्त्याच्या आधी इन्सुलिन द्यायचंय, वीस मिनिटं उशीर झालाय. हा शब्द बघा. वेर्कटाग्स. यात शनिवार येतो का?"

"वेर्क म्हणजे काम, टाग म्हणजे दिवस. कामाच्या दिवशी."

"ते माले बी येस, मामा. शनिवार येतो का ते सांगा."

मी घास गिळला. "कितवा शनिवार आहे?"

"काय?"

"पहिला, दुसरा, तिसरा?"

तिने मनात मोजलं असावं. "दुसरा."

"मग सुट्टी. लाव बिनधास्त."

बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "तठे बी तुन्हीच बँक शे का?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. भाचीने फोन स्वतःकडे वळवला, तेव्हा तिच्या मागे एक म्हातारा माणूस कुत्रा घेऊन उभा दिसला. एकदा गाडीकडे, एकदा पाटीकडे बघत होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं, हे इथून, नंदुरबारातूनही कळत होतं.

"नक्की ना, मामा?"

"नक्की. त्या माणसाच्या नादी लागू नकोस, उशीर होतोय."

ती पळाली. मी आणखी एक भाकरी घेतली.

अर्ध्या तासाने पुन्हा कॉल. या वेळी स्क्रीनवर नुसता रस्ता होता. पुढच्या चार घरांची औषधं, कागद, किल्ल्या, सगळं गाडीत; आणि गाडी नाही. ती रडली नाही. "आता ऑफिसला सांगते," म्हणाली आणि फोन ठेवला. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मग मी शोधत बसलो. रात्री नाही, तेव्हाच, उष्ट्या हाताने. निघालं असं की त्या पाटीवर शनिवार हा कामाचा दिवस. पहिला असो, दुसरा असो, कुठलाही. त्यांची ऑफिसं शनिवारी बंद, बँका बंद, पण खांबाला मात्र शनिवारी ड्यूटी. शनिवार वगळायचाच असेल तर ते सरळ सोमवार ते शुक्रवार असं लिहितात. मग ह्या शब्दाचा घोळ कशाला घालतात? माझा नुसता संताप झाला. आमच्याकडे स्टेशनसमोरचा नो पार्किंगचा बोर्ड पत्ता सांगायला तरी उपयोगी पडतो. त्याच्या खाली उभं राहा म्हटलं की रिक्षा मिळते.

बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, ताट जरा जोरात ठेवायची. सोमवारी भाचीला एजन्सीच्या मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. दुपारभर आम्ही दोघं त्या फोनकडे बघत बसलो. पोरगी परत आली तर कोणामुळे, हे बहिणीला विचारायची गरज नव्हती.

संध्याकाळी फोन आला. बहिणीने तो स्पीकरवर टाकला.

"आई, नोकरी राहिली. गाडी काढून घेतली. आता जवळची घरं पायी करायची. इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाट्यांचा वर्ग करून दाखला आणला की मग गाडी परत."

बहिणीने डोळे पुसले. "आनि साहेबीन काय बोलनी?"

"विचारलं, शनिवारी चालतं असं कोणी सांगितलं. मी म्हटलं, मामांनी. तर म्हणाल्या, ते इथल्या वाहतूक खात्यात आहेत का?"

मला हायसं वाटलं आणि हायसं वाटलं की मी बोलतो. "वर्गात जाशील तेव्हा पाटीवरच्या बाणांचं आधी माझ्याकडून समजून घे. बाण रस्त्याकडे असला, की बहुतेक तिथून—"

बहिणीने फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"भाऊ, 'माले माहीत नही' इतलं बोलता येस का तुले?"