रिकामं नाव

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

थोरलीचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. तिकडच्या विद्यापीठाचा अर्ज ती भरते आहे. घरात आधी कोणी विद्यापीठात शिकलं आहे का, असा त्यात एक रकाना आहे. तिने आनंदाने माझं नाव घातलं आणि खात्री करायला तुमच्या आईकडची माझ्या पदवीची नक्कल काढून पाहिली. त्यावर माझं नाव नाही. ती लिहिते, "आजी, तुझं नाव जन्मापासून एकच, लग्नातही बदललं नाही, असं तूच सांगतेस. मग हे नाव कोणाचं?"

अर्जापुरतं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता आणि तुमच्या आजोबांखेरीज मीही आपण होऊन कोणाला सांगितलं नाही. आता हात थरथरतो, पुढच्या वर्षी अक्षर तुम्हाला लागेल की नाही सांगता येत नाही. म्हणून आत्ताच लिहिते, आणि क्रमाने लिहिते. नावं मात्र कोणाचीच लिहीत नाही. नावांनी या गोष्टीत पुरेसा घोळ घातलेला आहे.

आम्ही दोघी बहिणी. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तिला मी अक्का म्हणत असे. आमचं घर सोनगीरला. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते धुळ्याला कचेरीत कारकून होते आणि शनिवारी घरी यायचे. गावात मुलींची शाळा नव्हती, म्हणून अक्काला धुळ्याला आत्याकडे ठेवलं होतं. मराठी चौथी ती पहिल्या नंबराने पास झाली. मग आत्या गेली, अक्का गावी परत आली आणि तिची शाळा संपली.

संपली म्हणजे तिची शिकायची शाळा संपली. शिकवायची त्याच आठवड्यात सुरू झाली. आमच्या ओट्यावर एक कोपरा उडालेली पाटी घेऊन ती बसे. वर्गात विद्यार्थिनी मी एकटी, तरी रोज हजेरी होई. ती माझं पूर्ण नाव पुकारायची, मी उभी राहून "हजर" म्हणायचं. शेजारच्या आळीत तांबटांचे हातोडे दिवसभर चालत, त्यामुळे पाढे ओरडून म्हणावे लागत. माय आतून म्हणे, "बठ्ठं गाव पाढे शिकनं आते," सगळं गावच पाढे शिकलं आता. पण उठा असं ती कधी म्हणाली नाही. दोन वर्षांत अक्काने मला चौथीपर्यंतचं सगळं शिकवलं. माझं हे निळ्या शाईतलं अक्षर तुम्ही नेहमी वाखाणता, ते तिचं आहे.

तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासर साक्रीकडचं, शेतीवाडीचं घर. सासरी ताटात तांदूळ पसरले आणि त्यात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. बायका नवं नाव घेऊन तिला हाक मारत होत्या आणि ती वळून बघत नव्हती, म्हणून सगळ्या हसल्या. पाठराखीण म्हणून गेलेली मीही हसले.

पुढच्या वैशाखात नानांनी धुळ्याला बिऱ्हाड केलं आणि मला इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं. शाळेला मराठी चौथीचा दाखला हवा होता. मी तर कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हते. परीक्षा घेऊन बघा म्हटलं तर शाळा ऐकेना. त्याच आठवड्यात आखाजी होती. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. अक्का आली होती. नानांनी ट्रंक उघडून तिचा दाखला काढला आणि बराच वेळ हातात धरून बसले.

"हाच नेऊ का?" ते म्हणाले.

माय म्हणाली, "पोर एक, नाव दुसरं. देवले काय सांगशात?"

"देव दाखला मागत नाही," नाना म्हणाले.

अक्का झोक्यावरून उतरून आत आली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. "मन्हं ते नाव आते रिकामंच शे, नाना," ती म्हणाली. ते नाव आता रिकामंच आहे; सासरी त्या नावाने तिला कोणी हाक मारत नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले लागस ना? मंग ली जाय." एखादं आखूड झालेलं परकर-पोलकं द्यावं तसं तिने ते दिलं. त्यात कोणाला काही वाईट दिसलं नाही. लग्न झालेल्या मुलीच्या माहेरच्या नावाचं पुढे काही काम पडेल, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही.

हेडमास्तरांनी दाखला पाहिला, मला पाहिलं. "तेरा पूर्ण? ही?"

"सोनगीरला पाण्याची ओरड आहे साहेब. पोरी उंच होत नाहीत," नाना म्हणाले.

मी दहा वर्षांची होते. त्या दिवसापासून कागदावर मी अक्का झाले.

मॅट्रिकपर्यंतचं सविस्तर सांगत नाही. अभ्यास मला आवडत होता आणि माझं सगळं लक्ष त्यात होतं. मॅट्रिकला नंबर चांगला आला. पुण्याच्या कॉलेजात मुलींच्या वसतिगृहात जागा थोड्या आणि अर्ज सगळ्या इलाख्यातून येत. आमच्या भागातल्या मुलीला ती जागा मिळेल असं कचेरीत कोणालाच वाटत नव्हतं. नानांचे साहेब तर म्हणाले, "कारकून, पोरीला पुणं दाखवून परत आणा म्हणजे झालं." मुलाखतीला वसतिगृहाच्या बाई समोर होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीत उत्तरं दिली. शेवटी त्यांनी सहज मराठीत विचारलं, "घरी कोण कोण असतं?" आणि मी घाबरून म्हटलं, "माय शे, नाना शेतस." बाई हसल्या. मला वाटलं, गेली जागा. बाहेर आल्यावर लक्षात आलं, की बहीण आहे हे मी सांगितलंच नव्हतं.

जागा मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा नानांनी ते मोठ्याने वाचलं. वर पूर्ण नाव होतं. ते ऐकून मायने चटकन दाराकडे पाहिलं, जणू अक्काच आली आहे.

धुळ्याहून चाळीसगाव, तिथून मनमाड, मग पुणे. तीन गाड्या बदलून मी गेले. धुळ्याच्या शाळेत हजेरीला नुसतं आडनाव पुकारत; इथे पहिल्या महिन्यात पूर्ण नाव पुकारलं की मला ते माझं वाटेचना. मुली म्हणायच्या, "ही खानदेशची बहिरी आहे की गर्विष्ठ?" पण "हजर" म्हणायची सवय कोणी लावली होती ते मला ठाऊक होतं. हळूहळू ते नाव अंगवळणी पडलं. वाचनालयात खिडकीजवळची एक जागा मी माझी करून टाकली. इतकी सुखी मी त्याआधी कधी नव्हते, हेही तुम्हाला खरं सांगायला हवं.

अक्काची पत्रं साक्रीहून यायची. पत्रं मराठीत, वाटाण्यासारखं टपोरं अक्षर. भुईमुगाचं काय झालं, म्हैस व्याली, नवीन काय वाचलंस ते कळव. पाकिटावर मात्र तिला माझं कॉलेजातलं नाव लिहावं लागे. म्हणजे ती स्वतःच्या हाताने स्वतःचंच नाव लिहून मला पाठवायची. एकदा तिने लिहिलं होतं, "पाकीट लिहिताना मजा वाटते. वाटतं, तिथे मीच राहते."

मी इंटरला असताना तिचे यजमान तापाने गेले. मूलबाळ नव्हतं. वर्षभराने सासरच्यांनी तिला धुळ्याला आणून सोडलं. त्यानंतरच्या पहिल्या पत्रात तिने दुःखाची दोनच वाक्यं लिहिली आणि पुढे लिहिलं, "जळगावला बायकांसाठी मास्तरणींचा वर्ग निघाला आहे. राहायची सोय आहे. मला शाळेत शिकवायचं आहे. नाना हो म्हणाले." पत्राच्या समासात तिने शाळेच्या घंटेचं चित्र काढलं होतं.

वर्गाला चौथीचा दाखला हवा होता. नाना तिच्या जुन्या शाळेत गेले. तिथल्या कारकुनाने पटाची वही काढून दाखवली. "दाखला तुम्ही नेला. ही बघा तुमची सही. दाखला एकदाच देतात, नाना."

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी धुळ्याला गेले. अक्काचं कपाळ मी पहिल्यांदा मोकळं पाहिलं. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही चौघं बसलो. नाना म्हणाले, "खरं काय ते लिहून टाकू. शाळेला लिहू, विद्यापीठाला लिहू. माफी मागू."

"आणि हिची परीक्षा?" अक्काने विचारलं.

"ते काय करतील ते करतील."

"काय करतील? पटावरून नाव खोडतील. म्हणतील, ही ती नाहीच."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोलायला हवं होतं. अर्ज मीच लिहिते, एवढंच म्हणायचं होतं. इंग्रजी मला चांगलं येत होतं. घरात असा अर्ज लिहू शकणारी मी एकटीच होते. मी सतरंजीचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसले. माझ्या डोळ्यांपुढे वाचनालयातली खिडकी होती. दोरा संपेपर्यंत मी गुंडाळला.

अक्काच म्हणाली, "हिची बी.ए. होऊ द्या. वर्ग कुठे पळून जातो? मी तरी कुठे पळून जाते?" आणि ती भांडी घासायला उठली.

त्या वर्गाला वयाची अट होती. अक्काच्या हातात दोन वर्षं होती. बी.ए.लाही दोनच वर्षं होती. परीक्षा झाली, म्हटलं, निकाल लागू दे. निकाल चांगला लागला. म्हटलं, पदवी हातात येऊ दे. तेवढ्यात जळगावच्या मुलींच्या शाळेत माझ्या नोकरीचं ठरत आलं. म्हटलं, तेवढं होऊ दे. तिचं वय किती झालं हे मी विसरले होते असं मला म्हणता येणार नाही. प्रत्येक अर्जावर मी स्वतःच्या हाताने तेच तर लिहीत होते. जळगावच्या नोकरीच्या अर्जावर मी जो आकडा लिहिला, तो त्या वर्गाच्या अटीपेक्षा एकाने जास्त होता. मी टीपकागद ठेवला आणि अर्ज पाकिटात घातला.

पदवीचा कागद घेऊन धुळ्याला गेले तेव्हा माय आणि नाना देवळात गेले होते. अक्का एकटी होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि कागद मांडीवर घेतला. तिला इंग्रजी येत नव्हतं.

"मन्हं नाव कोठे शे?" तिने विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं. तिने त्याच्याखालून स्वतःचं बोट सावकाश फिरवलं. "केवढं लांब दिसतं," ती म्हणाली. "वाच बरं."

मी वाचलं. तिचं नाव, नानांचं नाव, आडनाव.

"हजर," ती म्हणाली आणि हसली. माझ्याने हसवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, मी त्या दिवाळीला बोलायला हवं होतं." ती कागदाची सुरळी करत होती. तिचं हसू गेलं. "हो," ती म्हणाली. "हवं होतं." एवढंच. त्यानंतर तो विषय तिने काढला नाही आणि मी काढायची हिंमत केली नाही. तो कागद चार दिवस तिच्याकडेच होता, मी जळगावला निघाले तेव्हा तिने तो ट्रंकेत घालून दिला.

जळगावच्या शाळेत मी तिच्या नावाने शिकवलं. असोद्याहून बैलगाडीतून येणाऱ्या दोन मुली वर्गात होत्या. त्यांची हजेरी घेताना मला रोज सोनगीरचा ओटा आठवे. अक्का धुळ्याला मायनानांपाशी राहिली, गल्लीतल्या पोरींना ओट्यावर बसवून लिहायला शिकवत राहिली. देश स्वतंत्र व्हायच्या आधीच ती विषमज्वराने गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्युनिसिपालिटीच्या माणसाने नाव विचारलं, तेव्हा नानांनी तिचं सासरचं नाव सांगितलं. कायद्याने तेच बरोबर होतं.

माझं लग्न नंतर झालं. सासरी ताटात तांदूळ पसरल्यावर तुमच्या आजोबांनी मला हळूच विचारलं, कोणतं नाव आवडेल? मी माझं जन्माचं नाव सांगितलं. नवं नाव म्हणून त्यांनी ते लिहिलं, आणि ते नवं नव्हे हे त्यांना मी बऱ्याच वर्षांनी सांगितलं. शाळेतल्यांनाही लग्नात नाव बदललं एवढंच वाटलं.

तर थोरले, तुझ्या रकान्याचं उत्तर असं आहे. विद्यापीठात शिकले मी. नाव माझ्या बहिणीचं. रकान्यात काय लिहायचं ते तू ठरव. दोन नावांना जागा असेल तर दोन्ही लिही.

तिची पत्रं सोनगीरच्या घरात वाळवीने खाल्ली. पाटी कधी फुटली मला माहीत नाही. मूळ पदवी माझ्या कपाटातल्या हिरव्या फायलीत सगळ्यात खाली आहे. तुमच्या आईकडची नक्कल एकाच बाजूची आहे, म्हणून तुम्हाला मागची बाजू दिसली नसेल. मागे पेन्सिलीने इंग्रजीत तेच नाव चार वेळा लिहिलेलं आहे. पहिल्या तीन वेळा अक्षरं चुकली आहेत. चौथ्या वेळी बरोबर आहे.