पडद्यामागचं हंबरणं

राहात्याजवळच्या वस्तीवरचा गोरक्षनाथ शेतकरी गडी, पण जत्रेच्या नाटकाचं त्याला भारी वेड. तोंडाला रंग कधी लागला नाही. पडदे बांधायचे, गॅसबत्त्या पेटवायच्या, यातच तो खूश.

एकाहत्तर साली विष्णुपंत मास्तरांनी नाटक बसवलं. त्यात गाय विकली जाते आणि मागं राहिलेलं वासरू हंबरतं. मास्तरांना वासरू खरंखुरं हवं होतं. गोरक्षनाथानं हौसेनं घरचं दिलं.

"सकाळपासून पाजू नकोस," मास्तर म्हणाले, "म्हणजे ऐन वेळी ओरडेल."

आणि ओरडलं की! गॅसबत्त्यांच्या झगझगाटात थरथरत, जीव तोडून. बायांनी डोळ्यांना पदर लावले, टाळ्या थांबेनात. विंगेत दावं धरून उभ्या गोरक्षनाथाची छाती फुगली.

घरी आला तर गाईच्या सडांतून दूध ठिबकत होतं. घसा बसलेलं वासरू ढुशा देत पिऊ लागलं. गोरक्षनाथाची बायको रंगुबाई म्हणाली, "दिसभर दावं तोडीत हुती ही. तुमाला टाळ्या ऐकू आल्या, हिचं हंबरनं न्हाई आलं?"

दुसऱ्या प्रयोगाला त्यानं वासरू दिलं नाही.

"अरे, एका दिवसाची तर भूक," मास्तर समजावू लागले. "ते पाहून एखाद्यानं गाय विकायचं थांबवलं, तर?"

"मास्तर, आपल्याला ठावं हाय, हे नाटक हाय. त्याला कोन सांगनार?"

"मग हंबरणार कोण?"

"मी."

त्या रात्री रंगमंचावर नुसती रिकामी दावण होती, आणि पडद्यामागून गोरक्षनाथ हंबरत होता. आधी पोरं खिदळली, मग मांडव शांत झाला. डोळे मात्र थोड्यांचेच पाणावले.

"पहिल्याची सर नाही," मास्तर म्हणाले.

"न्हाईच," गोरक्षनाथानं कबूल केलं.

पुढं दुष्काळ पडला, नाटकाचं मंडळ पांगलं. खडी फोडायच्या कामावर भाकरीच्या सुट्टीत बाया म्हणायच्या, "गोरक्षभाऊ, वासरू काढा की!" तो हंबरायचा, आणि धुळीनं भरलेल्या त्या माणसांना घटकाभर जत्रा आठवायची, पडद्यांचा वास आठवायचा.

एकदा पाहुण्यांच्या आग्रहाखातर त्यानं घरच्या अंगणात तो आवाज काढला. गोठ्यातली तीच गाय, आता म्हातारी झालेली, वैरण सोडून उठली, कान टवकारून दाराकडे बघत राहिली. पाहुणे हसले. गोरक्षनाथ उठून गोठ्यात गेला आणि ती पुन्हा बसेपर्यंत तिची मान खाजवत राहिला.