लक्ष्मीचा गाल

झुंबरबाई रज्जाकभाऊंच्या दुकानात लागली, ती खळ चांगली शिजवते म्हणून. पहिली मोठी लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. लोणावळ्याच्या बाजारात रज्जाकभाऊ लग्नात मुलीला द्यायच्या सागवानी पेट्या करायचे. झाकणाच्या आत लक्ष्मीचं छापील चित्र असलं की पेटी लवकर खपते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. चित्र डकवायला माणूस हवं होतं. झुंबरबाई त्याआधी घाटात रेल्वेची खडी फोडायची. नवरा गेणू त्याच कामात पाय मोडून तुंगार्लीच्या घरी बसला होता. खडीपेक्षा खळ बरी, यावर दोघांचं एकमत होतं.

खळ ती नीट करायची. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर हलवत राहायचं. झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. शेवटी फडक्यातून गाळायची. एक गुठळी कागदाखाली राहिली तरी वरून फोड दिसतो.

तरी चित्र फुगायचं. पदर सपाट, कमळ सपाट, हत्ती सपाट आणि नेमका तोंडाशी फुगा. दोन पेट्या परत आल्या. पहिलं गिऱ्हाईक म्हणालं, "लक्ष्मीला गालगुंड झालंय." दुसरं नुसतं पेटी ठेवून गेलं.

कारण लपलेलं नव्हतं. देवीच्या तोंडाला हात कसा लावायचा, म्हणून झुंबरबाई कडेपासून दाबत आत यायची आणि गळ्याशी थांबायची. सगळी हवा वर गोळा व्हायची. रज्जाकभाऊही हात लावायचे नाहीत. ते म्हणायचे, "मी गालावर अंगठा दाबला अन् कुणी बघितलं, तर पेटी राहील बाजूला." दोघं अदबीनं उभे राहायचे आणि देवी फुगत जायची.

मग वडगावच्या शालूबाई आल्या. नवरा कचेरीत कारकून, मुलीचं लग्न ठरलेलं. शेजारणीकडून गालगुंडाची हकीकत ऐकून आल्या होत्या. "पेटी तुमचीच घेईन," त्या म्हणाल्या, "पण लक्ष्मी धडधाकट हवी."

त्या गेल्यावर रज्जाकभाऊंनी उरलेलं चित्र काढलं. एकच होतं.

"ही फुगली तर पुढच्या पेट्यांवर रंगानं फुलं काढतो. फुलांना गाल नसतात."

"आन मी?"

"फुलांना खळ लागत नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी झुंबरबाई देव्हाऱ्यातला देवीचा टाक चिंचेनं घासत होती. गेणू खाटेवरून बघत होता. त्याला दुसरं काम नव्हतं.

"दुकानात लक्ष्मीच्या तोंडाला हात लावीत न्हाईस, आन हितं देवीचं नाक अंगठ्यानं खरडतीस."

"आंघोळ घालायची म्हंजी हात लागनारच की."

"मग तिलाबी घाल. तिनं काय घोडं मारलंय?"

"कागदाची हाय ती. इरघळंल."

"इरघळली तर खडी हायच."

तिनं टाक पालथा केला, पाठ घासली, पुन्हा सुलटा केला. कोरडा कागद ओल्या खळीवर टाकला की भिजून लाकडावरच पसरतो, हे तिनं रोज बघितलं होतं. पसरायला जागा नसली की सुरकुती पडते. पसरायचंच असेल तर आधी पसरू दे.

दुकानात गेल्यावर तिनं हात धुतले, चित्राला नमस्कार केला आणि लक्ष्मी ओल्या फडक्यावर पालथी घातली. पाठीवरून ओला बोळा फिरवू लागली.

"बाई, एकच आहे!" रज्जाकभाऊ रंधा टाकून उठले.

"आंघोळ चाललीय. तिकडं तोंड करा."

रज्जाकभाऊंनी खरंच रस्त्याकडं तोंड केलं.

कागद आधी वेडावाकडा झाला. तिनं त्याला छेडलं नाही. थोड्या वेळानं तो ओल्या लुगड्यासारखा मऊ पडला. मग पातळ खळ, फळीवर आणि कागदालाही. चित्र दोन कडांना धरून तिनं मधला भाग आधी टेकवला, मग बाजू हळूहळू सोडल्या. वर ओलं फडकं पसरलं. अंगठा नाकावर ठेवला. तिथून गालाकडं, गालावरून खांद्याकडं, खांद्यावरून थेट कडेपर्यंत. हवा आणि जादा खळ कडेनं बाहेर आली.

फडकं काढलं, तर हनुवटीखाली एक बारीक वळी होती.

"दाबा ना," रज्जाकभाऊ म्हणाले.

"न्हाई. आता बोट लावलं तर फाटंल. वाळताना कागद ताणतो."

"नाही ताणला तर?"

"तर फुलं काढा."

पेटी सावलीत उघडी ठेवली. त्या दिवशी दोघांनीही कामं केली. कुठली केली ते नंतर दोघांनाही सांगता आलं नसतं. दुकान बंद करायच्या वेळी वळी गेली होती. पुरती वाळल्यावर वर रोगण चढलं.

शालूबाई आल्या. त्यांनी झाकण उघडून चित्र उजेडात तिरपं धरलं आणि फुगा शोधायला लक्ष्मीच्या तोंडावरून तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. नखानं गालही चाचपला. झुंबरबाई आणि रज्जाकभाऊ बघत राहिले.

"गालगुंडाचं ऐकलं होतं," शालूबाई म्हणाल्या.

"बरी झाली," रज्जाकभाऊ म्हणाले.

पेटी गेली. फुलांचा रंग फडताळात सुकला. झुंबरबाई केस पिकेपर्यंत त्या दुकानात होती. ही युक्ती माझी, असं गेणू येईल त्याला सांगायचा. ते बरंचसं खरं होतं, म्हणून तिनं ते कधी कबूल केलं नाही.

दुसऱ्या लढाईत बिजागऱ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा शालूबाईंची मुलगी तीच पेटी दुरुस्तीला घेऊन आली. लक्ष्मीचं नाक झिजून पांढरं पडलं होतं.

"रोज पाया पडताना हात लागतो हो, मावशी," ती ओशाळून म्हणाली. "नको होता का लावायला?"

झुंबरबाईनं झाकण उजेडाकडं तिरपं धरलं. कडेनं अंगठा फिरवत चारी कोपरे बघितले, मग गाल बघितला.

"लावा की," ती म्हणाली. "पर कोरडा."