घासलेली पायरी

कामवाली यायच्या आधी मी स्वतःच ओटा पुसून घेते, तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनच्या उपनगरातल्या आमच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाई आठवतात. त्यांच्याकडे दर मंगळवारी नगरपालिका घरकामाला एक बाई पाठवायची. तिला घाण दिसू नये म्हणून मालकीणबाई सकाळीच गुडघे टेकून दाराची पायरी घासायच्या. मग दोघी चहा पीत बसायच्या.

एकदा तपासणीला साहेब आले. घर लख्ख पाहून म्हणाले, "तुम्हाला मदतीची गरज दिसत नाही."

बाई यायची बंद झाली. त्या साहेबांचा मला अजून राग येतो. पण सोबत हवी, असं मालकीणबाईंनी नगरपालिकेला कोणत्या तोंडानं सांगायचं?

पुढच्या मंगळवारीही पायरी घासल्याचा आवाज आला. त्या थंडीत संध्याकाळपर्यंत दार उघडंच होतं.