गडी घेऊन पश्चिमेकडे

आमचे आबा सालगडी होते. पाडव्याला मालक नवं साल ठरवायचा आणि आबा मान हलवायचे. त्यांचा चहाचा कप मालकाच्या गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. आई त्याच गोठ्यातलं शेण काढायची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो, इंजिनिअर झालो, आणि आता सनीव्हेलला चिप डिझाइन करतो. हे मी मिरवून सांगतो. का सांगू नये?

यंदा आबा अमेरिकेला आले. समुद्रावरचा प्रसिद्ध पूल पाहून म्हणाले, "चांगलाय." मला मात्र त्यांना एकच गोष्ट करताना बघायचं होतं: परक्याच्या घरी टेबलाला बसून जेवताना. माझ्या मित्रांकडेसुद्धा ते दाराजवळ जमिनीवर बसत. "कंबरेला बरं पडतं," म्हणत.

आमच्या जिल्ह्यातले एक निवृत्त डॉक्टरकाका कॅन्सस सिटीत राहतात. मिझुरी आणि कॅन्सस या दोन राज्यांच्या हद्दीवरचं हे शहर. बरेच दिवस बोलावत होते, म्हणून निघालो. विमानतळावर काका-काकू दोघंही घ्यायला आले होते, आणि गाडी सुरू होताच काकांचा इतिहासही सुरू झाला.

"पावणेदोनशे वर्षांपूर्वी पश्चिमेची जमीन मोकळी झाली. म्हणजे मूळच्या लोकांना हुसकून केली. मग भांडण, तिथे गुलाम न्यायचे की नाही? दक्षिणेतले गुलामांचे मालक म्हणे, आमची प्रॉपर्टी, आम्ही नेणार. सरकारनं हात झटकले, कॅन्ससवाल्यांनी मत देऊन ठरवावं म्हणाले. मग काय यार, मिझुरीत गुलामी होतीच, तिथले लोक हद्द ओलांडून आले, बोगस व्होटिंग केलं आणि घरी गेले."

"आपल्या मंडळाच्या इलेक्शनला तेच झालं," मागून काकू म्हणाल्या. "तुमचेच मित्र आले होते पलीकडून."

"ते रीतसर मेंबर होते."

काकू खिडकीबाहेर बघू लागल्या.

"इथे मात्र बंदुका निघाल्या, घरं जळाली," काका पुढे म्हणाले, "आणि थोड्याच वर्षांत अख्खा देश आपसात लढला. माणसानं माणसाला असं वागवावं?" ते मनापासून हळहळले.

रात्री काकूंनी भाकरी, पिठलं आणि ठेचा केला होता. आबांनी चक्क खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात काकांनी मला विचारलं, "गावात घर कुठल्या आळीत म्हणालास?"

हा प्रश्न आपली माणसं सातासमुद्रापार सुखरूप आणतात. कस्टमवाले त्याला अडवत नाहीत.

"स्टँडजवळ," मी म्हणालो.

आबांनी खुर्चीवरचा हात काढला आणि चपलांच्या रॅकशेजारी जाऊन बसले. काकूंनी ताट खाली नेऊन दिलं. "किती साधा माणूस," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आबांना मिझुरीतल्या एका जुन्या जमीनदाराच्या घरी नेलं. आता तिथे संग्रहालय आहे. अंगणापलीकडे हेम्प (दोर वळायला लागणारं, तागासारखं पीक) नमुन्यापुरतं लावलेलं. ओसरीच्या पायरीवर आबांनी सवयीनं बूट काढले. मागच्या गोऱ्या कुटुंबाला वाटलं नियमच असेल; त्यांनीही काढले. त्यांच्या मागच्यांनीही.

घर दाखवणाऱ्या लोरेटाबाई बाहेर आल्या. निवृत्त शिक्षिका, कृष्णवर्णीय. त्यांचे पूर्वज याच घरात गुलाम होते. बुटांची रांग बघून म्हणाल्या, "हे कोणी सुरू केलं?"

"माझ्या वडिलांनी."

"घालायला सांग त्यांना. एवढा मान द्यावा असं हे घर नाही."

अंगणात त्यांनी सांगितलं, "मालकाच्या धाकट्या मुलाला पश्चिमेकडे नवी जमीन हवी होती. म्हाताऱ्यानं त्याला बैल दिले, नांगर दिला आणि काही गुलाम दिले. एका बाईच्या नवऱ्याला नेलं, ती इथेच राहिली."

"आणि गुलाम असे पश्चिमेकडे न्यायलाच उत्तरेतले लोक विरोध करत होते?" मी विचारलं.

"हो. पण ते सगळे दयाळू होते असं समजू नकोस. पुष्कळांना फुकट राबणाऱ्यांशी स्पर्धा नको होती. काहींना तर काळा माणूस शेजारीच नको होता."

मी आबांना मराठीत सांगत होतो.

"मालकांच्या वाटण्या झाल्या तवा धाकल्यानं मला मागून घेतलं व्हतं," आबा म्हणाले. "बैलजोडीबरूबर."

ही गोष्ट आबा आयुष्यभर छाती फुगवून सांगत आले. त्या दिवशी खाली बघून सांगितली.

"यांना सांगू?"

"सांग की."

बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला विचारलं होतं का, जायचं का म्हणून?"

"बैलांनाबी नव्हतं इचारलं," आबा म्हणाले.

मी भाषांतर केलं आणि ती दोघं हसली. मला जमलं नाही.

संध्याकाळी काकांकडे परतलो. ताटं मांडली जात होती. आबांनी खुर्ची ओढली आणि काकांच्या आधी बसले.

"डॉक्टर, काल पोरगं खोटं बोललं. आमचं घर गावकुसाबाहेर. स्टँड लांब ऱ्हायला तिथनं."

"अहो आबा, इथे कोण बघतं ते?"

"तुमीच तर इचारलं व्हतं."

काकांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला. काकूंना मात्र हसू आवरेना. "वांगं वाढू ना आबा?" त्या म्हणाल्या.

"वाढा."

परतीच्या विमानात आबा झोपले. ज्या मैदानांवरून हा देश फुटला, ती वरून चौकटी आखल्यासारखी, अगदी शांत दिसत होती. नव्या मुलखात जाणारा माणूस आपल्याबरोबर काय काय नेतो, ते एवढ्या उंचीवरून दिसत नाही.

काकांकडच्या त्या संध्याकाळी आबा परक्याच्या घरी टेबलाला बसून जेवले. पोटभर जेवले.